पहिल्या जागेचे गणित

जून महिन्याचा पहिला पंधरवडा आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी किंवा पाटोदा तालुक्यातल्या एखाद्या गावाचा पार डोळ्यांपुढे आणा. मृग नक्षत्र लागले आहे. काल संध्याकाळी एक सर पडून गेली, त्यामुळे धूळ बसली आहे आणि मातीचा वास अजून हवेत आहे. पारावर दोन गोष्टी चालल्या आहेत. एका बाजूला मोठी माणसे बसली आहेत आणि त्यांचे एकच बोलणे आहे, "पेरायचे, का अजून थांबायचे?" दुसऱ्या बाजूला, शाळा सुरू व्हायच्या आधीचे चार दिवस हाताशी असलेली तीन मुले पत्ते मांडून पाच-तीन-दोन खेळत आहेत. ज्याच्यावर पाच हात करायची पाळी आली आहे तो मुलगा हातातल्या पाचच पानांकडे टक लावून पाहत आहे. त्याची उरलेली पाच पाने अजून वाटायची आहेत, पण हुकूम मात्र त्याला आत्ताच बोलायचा आहे.

वरवर पाहता या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. एक पोटापाण्याचा प्रश्न, दुसरा करमणुकीचा. तरीही गणिताच्या नजरेने पाहिले तर दोघांपुढची अडचण एकाच जातीची आहे. पुरती माहिती हाती येण्यापूर्वी निर्णय घ्यायचा आहे आणि एकदा घेतला की तो मागे घेता येत नाही. अशा वेळी हाती काय असले म्हणजे पुढे जावे आणि काय असले म्हणजे थांबावे? या प्रश्नाला नुसत्या अंदाजाने नव्हे, तर आकड्यांनी उत्तर देता येते का, ते आज आपण पाहू.

पाच पानांवर हुकूम

पाच-तीन-दोन हा खेळ तुमच्यापैकी बहुतेकांनी खेळला असेल. खेळाडू तीन आणि पाने तीस. चारही चिन्हांची एक्क्यापासून अठ्ठीपर्यंतची २८ पाने, शिवाय बदामाची आणि इस्पिकची सत्ती. प्रत्येकाला आधी पाच-पाच पाने मिळतात. पाच हात करणारा ती पाहून हुकूम बोलतो आणि मग उरलेली पाने वाटली जातात.

समजा, तुमच्या पहिल्या पाच पानांत तीन इस्पिक आहेत. खेळात इस्पिकची पाने एकूण आठ. म्हणजे तुम्हाला न दिसणाऱ्या २५ पानांत पाच इस्पिक आहेत, दर पाच पानांमागे एक. तुम्हाला आणखी पाच पाने मिळणार, तेव्हा सरासरीने त्यांत एक इस्पिक येईल. इस्पिक हुकूम बोललात तर सरासरीने चार हुकूम हाती असतील, असे समजून तुम्ही चालू शकता. कधी पाच येतील, कधी तीनच राहतील, पण अंदाज बांधायला एक पाया मिळाला.

मात्र या खेळात एक सक्ती आहे. पाने कितीही वाईट असली तरी पाच हात करणाऱ्याला खेळावेच लागते, "मी या डावात नाही" असे म्हणायची सोय नाही. ज्या खेळात ती सोय असते तेथे आपला प्रश्न जास्त स्पष्ट होतो. असा एक खेळ म्हणजे पोकर.

पोकर म्हणजे काय

पोकर हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या परिसरात पसरला. त्याच्या अनेक प्रकारांपैकी आज सर्वांत जास्त खेळला जाणारा प्रकार असा आहे. पत्त्यांचा पूर्ण जोड म्हणजे ५२ पाने. प्रत्येक खेळाडूला दोन पाने मिळतात आणि ती त्याची त्यालाच दिसतात. त्यानंतर मध्यभागी सर्वांसाठी मिळून पाच पाने उघडी मांडली जातात, आधी तीन, मग एक, मग आणखी एक. स्वतःची दोन आणि मधली पाच अशा सात पानांतून ज्याची उत्तम पाच पाने होतील तो डाव जिंकतो. एकाच किमतीची दोन पाने, म्हणजे जोडी, ही नुसत्या मोठ्या पानापेक्षा वरचढ. तीन सारखी पाने त्याहून वरचढ. याप्रमाणे पुढे चढती श्रेणी आहे.

प्रत्येक टप्प्यावर खेळाडू पाळीपाळीने बोलतात. पाने पसंत असली तर पैज लावायची, नसली तर पाने खाली टाकून डाव सोडायचा. तुम्ही व तुमचे मित्र पैजेसाठी चिंचोके वापरा. आपल्या गणिताला चिंचोके पुरेसे आहेत, पैशांची काहीही गरज नाही.

आता जागेचा मुद्दा. पाने वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांना पाने पाहण्यापूर्वीच ठरावीक चिंचोके मध्ये ठेवावे लागतात. याला आपण सक्तीची पैज म्हणू. त्यांच्यानंतरचा, म्हणजे तिसरा खेळाडू, आपली दोन पाने पाहून सर्वांत आधी बोलतो. मोठ्या बैठकीत नऊ खेळाडू असतात, लहान बैठकीत सहा. सहा जणांच्या बैठकीत पहिल्या बोलणाऱ्यामागे पाच जण बोलायचे उरतात. पाने वाटणाऱ्याच्या जागी बसलेला आपली पाळी येईपर्यंत बहुतेकांचे मत ऐकून चुकलेला असतो, त्याच्यामागे फक्त सक्तीची पैज ठेवणारे दोघे उरतात.

पाने तीच, खेळ तोच. मग जागा बदलली म्हणून निर्णय का बदलावा?

शंभर चिठ्ठ्यांचा प्रयोग

हे समजण्यासाठी पत्ते क्षणभर बाजूला ठेवू. अशी कल्पना करा की प्रत्येक मुलाजवळ स्वतःचा एक डबा आहे आणि त्यात १ ते १०० आकड्यांच्या चिठ्ठ्या आहेत. प्रत्येकाने आपल्या डब्यातून न पाहता एक चिठ्ठी काढायची. ज्याचा आकडा मोठा तो जिंकला. तुम्ही चिठ्ठी उघडली, ८० निघाले. छान आकडा आहे, नाही का?

समोर एकच भिडू असेल तर त्याचा आकडा ८० किंवा त्याहून कमी असण्याची संभाव्यता १०० पैकी ८०, म्हणजे ०.८. समोर दोन भिडू असले तर? पहिल्याच्या प्रत्येक १०० चिठ्ठ्यांपैकी ८० वेळा तुम्ही वाचता, आणि त्या ८० पैकीही दर दहांत आठ वेळाच दुसऱ्याच्या हातून वाचता. म्हणजे ८० चे आठ दशांश, ६४. संभाव्यता ०.८ × ०.८ = ०.६४. पाच भिडू असतील तर ०.८ स्वतःशी पाच वेळा गुणा. उत्तर येते सुमारे ०.३३. आठ भिडू असतील तर ०.१७.

तोच ८० चा आकडा! एका भिडूसमोर तो पाचांत चार वेळा पुढे असतो, पाच जणांसमोर तीनांत एकदाच, आणि आठ जणांसमोर सहा वेळांत एकदा. चिठ्ठीवरचा आकडा बदलला नाही, मागे उरलेल्या माणसांची संख्या बदलली.

आता हाच प्रश्न उलटा विचारू. निदान अर्ध्या वेळा तरी आपण पुढे असावे असे वाटत असेल, तर चिठ्ठी कमीत कमी कितीची हवी? मागे एक भिडू असेल तर ५० पुरेत. दोन असतील तर ७१ हवेत. पाच असतील तर ८८ आणि आठ असतील तर ९२. पहिल्या जागेवरच्या खेळाडूने निवडक का असावे याचे सारे उत्तर या चार आकड्यांत आहे. आपल्यामागे जितकी जास्त माणसे बोलायची राहिली असतील, तितकी आपली पाने मोठी असायला हवीत.

भास्कराचार्यांच्या नियमाने

पत्त्यांकडे परत येऊ. ५२ पानांतून दोन पाने किती प्रकारांनी मिळू शकतात? हा प्रश्न सोडवण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त ती दिली आहे. एकूण वस्तूंच्या संख्येपासून उतरते आकडे मांडायचे, त्यांना अनुक्रमे १, २, ३ ... यांनी भागायचे आणि गुणाकार करीत जायचे. सहा रसांपासून, म्हणजे गोड, आंबट, खारट, तिखट, कडू व तुरट या चवींपासून किती मिश्रणे होतील, असे उदाहरण त्यांनी घेतले आहे. एकेरी ६, दोन-दोनची १५, तीन-तीनची २०, चारांची १५, पाचांची ६ आणि सहांचे १, अशी एकूण ६३.

भास्कराचार्यांनी आपले गाव 'विज्जडविड' असे सांगितले आहे. हे गाव कोणते याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. चाळीसगावजवळच्या पाटणचे नाव पुष्कळ जण घेतात, तर काहींनी ते बीड असावे असे म्हटले आहे. वाद काहीही असो, बीडच्या मुलांनी ही रीत हक्काने वापरायला हरकत नाही!

५२ ला १ ने भागा आणि ५१ ला २ ने, मग गुणाकार करा. उत्तर १३२६. म्हणजे सुरुवातीची दोन पाने १३२६ प्रकारांनी येऊ शकतात. यांतल्या जोड्या किती? एका किमतीची पाने चार, त्यांतून दोन निवडायचे प्रकार ४ × ३ ÷ २ = ६. किमती तेरा, म्हणून जोड्या १३ × ६ = ७८. १३२६ ला ७८ ने भागले की १७ येतात. म्हणजे सरासरीने सतरा डावांत एकदा हाती जोडी येते. एक्क्यांचीच जोडी हवी असेल तर २२१ डावांत एकदा.

एक्का-छक्कीचा मोह

आता एक खरा डाव घेऊ. तुम्ही सहा जणांत पहिल्या जागेवर बसला आहात. पाने उचलली, एक्का आणि छक्की. नवशिक्याला एक्का दिसला की तो हरखून जातो. आपण मोजून पाहू.

तुमची दोन पाने सोडून ५० पाने उरली. कोणत्याही एका भिडूच्या हाती त्यांतली दोन आहेत. असे प्रकार ५० × ४९ ÷ २ = १२२५. यांतल्या किती प्रकारांत तो आत्ताच तुमच्यापुढे आहे?

पहिला गट: त्याच्याजवळही एक्का आहे आणि जोडीला सत्तीपासून राजापर्यंतचे एखादे पान आहे. उरलेले एक्के तीन. सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम, राणी आणि राजा अशा सात किमतींची पाने २८. प्रकार ३ × २८ = ८४.

दुसरा गट: त्याच्याजवळ जोडी आहे. एक्का व छक्की यांची तीन-तीनच पाने उरली असल्याने त्यांच्या जोड्या प्रत्येकी ३. उरलेल्या अकरा किमतींच्या जोड्या प्रत्येकी ६, म्हणजे ६६. एकूण ७२.

दोन्ही गट मिळून १५६. म्हणजे एका भिडूजवळ तुमच्याहून सरस पाने असण्याची संभाव्यता १५६ ÷ १२२५, सुमारे १३ टक्के. तो मागे असण्याची ८७ टक्के. आता चिठ्ठ्यांच्या खेळातलाच गुणाकार करा. पाच भिडूंपैकी एकाजवळही सरस पाने नसण्याची संभाव्यता ०.८७३ चा पाच वेळा गुणाकार, म्हणजे ०.५१. याचा अर्थ असा की पहिल्या जागेवरून एक्का-छक्की खेळणे म्हणजे नाणे उडवण्यासारखे आहे. मागे बसलेल्या पाचांपैकी कोणाजवळ तरी तुमच्याहून चांगली पाने असण्याची शक्यता जवळजवळ निम्मी!

याच पद्धतीने आणखी तीन प्रकारची पाने मोजली तर पुढील कोष्टक मिळते. मागे बोलायचे राहिलेल्यांपैकी निदान एकाजवळ तरी त्या क्षणी सरस पाने असण्याची संभाव्यता त्यात टक्क्यांत दिली आहे.

| हातातली पाने | मागे १ भिडू | मागे २ | मागे ५ | मागे ८ |
|---|---|---|---|---|
| राणीची जोडी | १ | २ | ५ | ८ |
| एक्का-राजा | ६ | ११ | २६ | ३८ |
| एक्का-छक्की | १३ | २४ | ४९ | ६६ |
| राजा-नव्वी | २४ | ४२ | ७४ | ८९ |

कोष्टक आडवे वाचा. राणीची जोडी कोठेही बसून खेळावी अशीच आहे. राजा-नव्वी मात्र मागे एकच भिडू असला तर चारांत तीन वेळा पुढे असते, आणि मागे पाच भिडू असले तर चारांत तीन वेळा मागे पडते! एकच पाने, पण जागेप्रमाणे त्यांची किंमत अगदी उलटी होते.

येथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. एक, निरनिराळ्या भिडूंची पाने एकाच जोडातून येतात, त्यामुळे नुसता गुणाकार काटेकोरपणे बरोबर नाही. पण त्याने पडणारा फरक फार थोडा असतो, आपल्या कामापुरता तो सोडून देता येतो. दुसरी, 'त्या क्षणी सरस' म्हणजे 'शेवटी जिंकणारा' नव्हे. मधली पाच पाने यायची आहेत आणि ती पारडे फिरवू शकतात. दुर्रीच्या जोडीसारखी लहान जोडी आत्ता एक्का-राजापुढे असली, तरी शेवटी ती जेमतेम निम्म्याहून थोड्या जास्त वेळाच जिंकते.

मग फक्त राणीचीच वाट पाहावी का?

कोणी म्हणेल, असे असेल तर सोपे आहे. राणी, राजा आणि एक्का यांच्या जोड्या आल्या तरच खेळायचे, बाकी सारी पाने टाकायची. हा शहाणपणा वाटतो, पण त्यालाही हिशेब लावून पाहू.

या तीन जोड्यांचे प्रकार १८. १३२६ ÷ १८ म्हणजे सुमारे ७४. सरासरीने ७४ डावांत एकदाच असा योग येणार. तोवर सक्तीची पैज काही थांबत नाही. नऊ जणांच्या बैठकीत प्रत्येकावर नऊ डावांत दोनदा ती पाळी येते, म्हणजे ७४ डावांत सोळा-सतरा वेळा. सहा जणांच्या बैठकीत सहा डावांत दोनदा, म्हणजे ७४ डावांत चोवीस-पंचवीस वेळा. वाट पाहता पाहता तुमचे चिंचोके संपून जातील.

थांबण्यालाही किंमत मोजावी लागते, ही गोष्ट पुष्कळ जण विसरतात. खेळाडू कमी असले म्हणजे ही किंमत वाढते. एकीकडे मागे बोलणारे कमी असल्याने जरा हलकी पानेही चालतात, आणि दुसरीकडे सक्तीची पैज लवकर लवकर येत असल्याने ती खेळावीही लागतात. दोन्ही कारणांनी सहा जणांच्या बैठकीत निवड थोडी सैल होते. तरीही पहिली जागा ती पहिलीच.

या जागेसाठी एक साधी यादी करू. सर्व जोड्या ७८, एक्क्यासह राजा, राणी, गुलाम किंवा दश्शी ६४, आणि राजा-राणी १६. बेरीज १५८, म्हणजे साधारण आठ डावांत एकदा. एकाच चिन्हाची काही लगतची किंवा मोठी पाने, जसे बदामाचा गुलाम व बदामाची दश्शी, यांत घातली तर सहा-सात डावांत एकदा. जाणते खेळाडू सहा जणांत पहिल्या जागेवरून ढोबळमानाने इतकेच डाव खेळतात. तेच खेळाडू पाने वाटणाऱ्याच्या जागेवर बसले आणि आधीच्या सर्वांनी पाने टाकली असली, तर जवळजवळ निम्मी पाने खेळतात.

पहिल्या जागेचा आणखी एक तोटा आहे. मधली पाने उघडू लागल्यावरही तुम्हाला इतरांच्या आधीच बोलावे लागते, फक्त सक्तीची पैज ठेवणारे दोघे तेवढे तुमच्या आधी बोलतात. तुमची पैज पाहून मागचा आपला बेत ठरवतो, तुम्हाला मात्र त्याचा बेत कळत नाही. चांगल्या पानांची अट घालून पहिला खेळाडू ही उणीव थोडीफार भरून काढतो.

गणितज्ञ पोकरकडे का वळले

हा खेळ गणितज्ञांना आवडला याचे कारण हेच आहे. बुद्धिबळात दोघांनाही सगळा पट दिसतो. पोकरमध्ये दिसत नाही, आणि जगातले बहुतेक खरे निर्णय बुद्धिबळापेक्षा पोकरसारखे असतात. जॉन फॉन नॉयमान या गणितज्ञाने १९२८ मध्ये खेळांच्या सिद्धांतावर निबंध लिहिला. पुढे १९४४ मध्ये त्याने ऑस्कर मॉर्गेनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञाबरोबर या विषयावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पोकरचा एक सोपा नमुना घेऊन त्याचे गणित मांडले आहे. संगणकाने बुद्धिबळाच्या जगज्जेत्याला, गॅरी कास्पारोव्हला, १९९७ मध्ये हरवले. सहा जणांच्या पोकरमध्ये कसलेल्या खेळाडूंवर मात करायला मात्र २०१९ साल उजाडावे लागले. नोम ब्राउन व टुओमास सँडहोम यांनी तयार केलेल्या 'प्लुरिबस' या प्रणालीने स्वतःच्याच प्रतींशी असंख्य डाव खेळून हा खेळ आत्मसात केला होता.

पुन्हा पारावर

आता पारावरच्या मोठ्या माणसांकडे वळू. बीड जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेत येतो. वर्षाची सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तीही दरवर्षी गाठली जाईल याची खात्री नाही. १९७२ चा दुष्काळ आजी-आजोबांनी सांगितला असेल, २०१२ आणि २०१५ ची टंचाई आईवडिलांनी भोगली आहे. अशा ठिकाणी पहिल्या सरीवर बियाणे मातीत टाकणारा शेतकरी हा पहिल्या जागेवरचा खेळाडू आहे. त्याच्यामागे सारा पावसाळा 'बोलायचा' राहिला आहे. पुढच्या पंधरवड्यात खंड पडला तर उगवलेले पीक करपते, दुबार पेरणी करावी लागते, आणि बियाणे, खत, मजुरी यांचा खर्च दुसऱ्यांदा येतो.

म्हणून त्यानेही पानांची अट घालायला हवी. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला कृषी खाते दरवर्षी देते. ती अट म्हणजे पहिल्या जागेवरची 'चांगली पाने'च आहेत. एका सरीने धूळ बसते, ओल खोल जात नाही. ती एक सर म्हणजे एक्का-छक्की. दिसायला मोह पडावा अशी, पण भरवशाची नव्हे.

पण येथेही नुसते थांबत राहणे फुकट नसते. मूग-उडदाची पेरणी जुलैचा पहिला आठवडा ओलांडला की फारशी हिताची राहत नाही. कापूस आणि सोयाबीन यांचीही वेळ जुलैच्या मध्यापर्यंत सरत येते, त्यानंतर बाजरी, तूर, सूर्यफूल अशी थोडीच पिके हाती उरतात. दर आठवड्याला पर्याय कमी होतात, हीच शेतकऱ्याची सक्तीची पैज. म्हणून जाणता शेतकरी घाईही करीत नाही आणि अडूनही बसत नाही. सोयाबीनमध्ये किंवा कापसात तुरीच्या ओळी घालतो, म्हणजे सगळी पैज एकाच पानावर लागत नाही.

या तुलनेला मर्यादाही आहेत. पत्त्यांच्या जोडात ५२ पाने आहेत हे आपल्याला ठाऊक असते. पावसाचा जोड कोणी पाहिलेला नाही. त्याची पाने आपल्याला फक्त जुन्या नोंदींवरून ओळखता येतात. दुसरे, पत्ते खेळणारा मनात आले तर उठून घरी जाऊ शकतो. शेतकऱ्याला ती मुभा नाही. पाने वाईट आली तरी त्याला बैठकीत बसावेच लागते, अगदी पाच-तीन-दोन खेळणाऱ्या त्या मुलासारखे. ज्याला उठून जाता येते त्याने निदान विनाकारण बसू नये.

आणि म्हणूनच एक इशारा. वरचे गणित पैसे जिंकून देणारा मंत्र नाही. संभाव्यता पुष्कळ डावांची सरासरी सांगते, पुढचा एक डाव सांगत नाही. 'पाच डाव हरलो, आता तरी जिंकेन' असे पत्त्यांना कळत नसते, पत्त्यांना आठवण नसते. आपल्या राज्यात जुगाराविरुद्धचा कायदा १८८७ पासून आहे, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. गणित शिकलेल्या माणसाला तर हे कायद्याआधीच उमजायला हवे.

करून पाहा

१. सहा मित्र बसा. प्रत्येक वेळी पत्ते नीट पिसून प्रत्येकाला दोन-दोन पाने वाटा. सर्वांनी पाने उघडायची आणि त्या क्षणी कोणाची सरस आहेत ते लिहायचे. असे शंभर डाव नोंदवा. डोळे झाकून प्रत्येक डाव खेळला तर पहिल्या जागेवरचा सुमारे सहांत एकदा पुढे असेल. आता फक्त ज्या डावांत त्याच्याजवळ वरच्या यादीतली पाने होती तेवढेच डाव वेगळे काढा. प्रमाण किती बदलले?

२. चिठ्ठ्यांच्या खेळात तुम्हाला ९० मिळाले आणि मागे पाच भिडू आहेत. तुम्ही पुढे असण्याची संभाव्यता काढा. (उत्तर: सुमारे ०.५९)

३. पाच-तीन-दोनमध्ये तुमच्या पहिल्या पाच पानांत किलवरची तीन पाने आहेत. किलवरची एकूण पाने सात. उरलेल्या पाच पानांत सरासरीने किती किलवर येतील? (उत्तर: ०.८) इस्पिकपेक्षा हे कमी का?

४. हा प्रयोग सर्वांत मोलाचा आहे आणि त्याला काही वर्षे लागतील. सरळ बाजूंची बाटली व मोजपट्टी घेऊन शाळेत पर्जन्यमापक तयार करा. १ जूनपासून रोज सकाळी ठरल्या वेळी पाऊस मोजा व वहीत लिहा. तुमच्या महसूल मंडळातील पर्जन्यमापकाच्या जुन्या नोंदी गुरुजींच्या मदतीने मिळवा. मग मोजा: जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाल्यावर पंधरा दिवसांचा खंड किती वर्षी पडला? एकूण वर्षांनी भागा. जो अपूर्णांक येईल ती तुमच्या गावच्या पावसाची संभाव्यता.

पुढच्या मृगात पारावर "पेरायचे, का थांबायचे?" असा प्रश्न निघाला तर ती वही घेऊन जा. पाऊस कधी येईल हे ती सांगणार नाही. पण तुमच्या गावात पहिल्या सरीवर पेरणारा किती वेळा तरतो आणि किती वेळा बुडतो, एवढे तिच्यातून नक्की सांगता येईल, आणि मोठी माणसे ते लक्ष देऊन ऐकतील.